किलोमागे किती तास?

सीएनजी गाडीची जाहिरात बघा. किलोला ३४ किलोमीटर. पेट्रोलच्या जवळपास निम्म्या खर्चात प्रवास. महिन्याचा हप्ता इतका, महिन्याची बचत तितकी. हिशेब अगदी पैपैचा. गाडी पंपावर उभी राहते तो वेळ मात्र त्यात कुठेच नाही. तो फुकट धरलाय. आणि तो वेळ असतो ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याचा.

आज तो वेळ धरून हिशेब करू.

शहरात भाडी मारणाऱ्याची एक छोटी गाडी घ्या. पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर, गॅसवर किलोला २४, असं समजा. पेट्रोल १०४ रुपये, गॅस ८० रुपये. टाकीत ८ किलो गॅस बसला की गाडी १९२ किलोमीटर जाते आणि पेट्रोलच्या तुलनेत साधारण ४७० रुपये वाचतात. चांगली बचत आहे, तिच्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. पण त्या ८ किलोंसाठी दीड तास रांगेत गेला, तर दीड तासाची भाडी गेली. आणि नंबर लागल्यावर पंपावरचा मुलगा म्हणाला, ‘प्रेशर नाही दादा, चारच बसेल,’ तर बचत २३५ वर येते आणि रांग उद्या सकाळी पुन्हा आहेच. चालकाने आपला दीड तास २३५ रुपयांना विकला. ही किंमत कुठल्याच दरपत्रकावर छापलेली नसते.

‘प्रेशर नाही’ म्हणजे नेमकं काय नाही, हे रांगेतल्या माणसाला कुणी कधी समजावून सांगत नाही. सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पेट्रोल मोजून ओततात. गॅस ओतता येत नाही, तो दाबाने जातो. गाडीतल्या सिलिंडरमध्ये गॅस भरायचा तो २०० बारपर्यंत, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ ९० पट दाबाने. त्यासाठी पंपाच्या साठ्यात त्याहून जास्त, साधारण २५० बार दाब लागतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे गॅस वाहतो, दोन्हीकडचा दाब सारखा होत आला की प्रवाह मंदावतो आणि डिस्पेन्सर बंद होतो. काटा १०० वर थांबला, तर टाकी निम्मीसुद्धा भरलेली नसते. पैसे किलोवर घेतात, त्यामुळे मापात फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. पण अर्धी टाकी घेऊन गेलेला माणूस अर्ध्या दिवसात परत येतो आणि त्याच रांगेच्या शेपटाला लागतो. म्हणजे कमी प्रेशरचा पंप रांग उपसत तर नाहीच, तो स्वतःसाठी उद्याची रांग तयार करतो.

मग काही पंपांवर प्रेशर असतं आणि काहींवर नसतं, ते का? तर सगळे पंप एका जातीचे नाहीत. काही पंपांना जमिनीखालून गॅसवाहिनीच येते, तिथे कॉम्प्रेसर बसवलेला असतो आणि वीज असेल तोवर दाब टिकतो. बाकीच्यांकडे वाहिनी पोचलेलीच नसते. त्यांना ‘डॉटर स्टेशन’ म्हणतात. तिथे गॅस येतो ट्रकवरून. लांबलांब सिलिंडरांची चळत ट्रकवर रचलेली असते, तिला कॅस्केड म्हणतात. हा ट्रक वाहिनी असलेल्या ‘मदर स्टेशन’वर जातो, स्वतः तिथे भरून घेतो आणि शहराच्या ट्रॅफिकमधून वाट काढत डॉटर स्टेशनवर येऊन उभा राहतो. पहिल्या गाड्यांना भरभरून गॅस मिळतो. प्रत्येक गाडीगणिक कॅस्केडमधला दाब उतरत जातो. काही ठिकाणी हा दाब उचलायला बूस्टर असतो, तो असला तर बरं. नसला, तर चाळिसाव्या गाडीला मिळतो तो उरलेला दाब, आणि कॅस्केड बदलायचा ट्रक पुलावर अडकला असेल तर तोही नाही. त्या वेळी पंपावर दोरी लागते, पुठ्ठ्यावर खडूने ‘गॅस नाही’ लिहिलं जातं आणि शिव्या खातो नोझल हातात धरून दहा तास उभा असलेला पोरगा. ज्याने वाहिनी वेळेत टाकली नाही, तो त्या वेळी तिथे नसतो.

आणखी एक. चालक सांगतात, रात्री भरला की गॅस जास्त बसतो. ही अफवा नाही. झटपट भरताना सिलिंडरमधला गॅस तापतो. तापलेला गॅस कमी वजनातच दाब दाखवतो. भर उन्हात तापलेल्या गाडीत काटा २०० वर गेला तरी किलो कमी बसतात, रात्रीच्या गारव्यात जास्त. म्हणून भाडी मारणारा माणूस रात्री अकरानंतर पंपावर जातो. दिवसभर गाडी चालवून, जेवण उरकून, झोपायच्या वेळेला. दहा पैशांची बचत करायला तो आपली झोप घालवतो, आणि सकाळी तोच माणूस तुमच्या-माझ्या मुलांना घेऊन रस्त्यावर असतो. हे रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या कुठल्याही फलकावर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

या माणसांचं शहरावर ऋण आहे, आणि ते आपण विसरलोय.

मुंबईची गोष्ट घ्या. नव्वदच्या दशकात डिझेल आणि जुन्या पेट्रोल टॅक्सींच्या धुराने शहराचा श्वास कोंडला होता. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, व्ही. एम. लाल समिती बसली, आणि पुढे जुन्या टॅक्सींपुढे दोनच रस्ते उरले. स्वच्छ इंधनावर या, नाहीतर रस्ता सोडा. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती, गॅस होता. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत सिलिंडर चढले. डिकी गेली. प्रवाशाच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. दादर स्टेशनाबाहेर पावसात बॅगांवर प्लॅस्टिक टाकून दोरी आवळणारा टॅक्सीवाला ज्यांनी बघितलाय, त्यांना कळेल की शहराची हवा सुधारण्याचा भार प्रत्यक्षात कुणाच्या खांद्यावर पडला. किटचा खर्च, डिकीचं नुकसान आणि पंपावरचा वेळ, हे सगळं त्याचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हा आपण फोटो काढले, हळहळलो, लेख लिहिले. त्यांच्या चालकांनी वीस वर्षं रांगेत काढलेल्या तासांवर मात्र कुणी काही लिहिलं नाही.

दिल्लीतही हेच झालं होतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २००१ पर्यंत राजधानीतल्या सगळ्या बस सीएनजीवर यायला हव्यात. सरकारने तीन वर्षं वेळ काढला. गाड्या आल्या, पंप पुरेसे आले नाहीत, आणि रिक्षा-बसच्या रांगा रात्रभर रस्त्यावर उभ्या राहिल्या. हवा खरोखर सुधारली. त्या निकालाबद्दल मला आदर आहे, आजही. पण गाडी आधी आणि गॅस नंतर, ही आपली सवय तिथेच लागली आणि पाव शतक झालं तरी सुटलेली नाही.

आता तर गाड्यांचा पूरच आहे. देशात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या दर पाच मोटारींमागे साधारण एक सीएनजीची. मारुतीने २०१० मध्ये कंपनीतूनच किट बसवलेल्या गाड्या आणल्या, टाटा २०२२ मध्ये उतरली, ह्युंदाई आहेच. बजाजने तर जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणली. पुण्यात तिचा समारंभ झाला, केंद्रीय मंत्री आले. म्हणजे आता दुचाकीही याच पंपांवर येणार. तो समारंभ झाला त्या शहरातला कुठलाही पंप संध्याकाळी बघा. रांग पंपाच्या आवारातून बाहेर येते, पदपथ खाते, बसथांबा झाकते. थांब्यावरचे लोक बस पकडायला रस्त्याच्या मधोमध उभे.

गाडी कंपन्यांचं एक मान्य करायला हवं. गिऱ्हाइकाने शोरूममध्ये विचारलं, ‘डिकी कुठाय?’ आणि कंपन्यांनी डोकं चालवलं. एका मोठ्या सिलिंडरऐवजी टाटाने अल्ट्रोझमध्ये २०२३ ला दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आणि वर सामानाला जागा मोकळी केली. ह्युंदाईने तेच केलं. मारुतीने २०२५ मध्ये व्हिक्टोरिसची टाकी गाडीच्या पोटाखाली नेली. डिकीचा प्रश्न सुटला, कारण डिकी नसेल तर गाडी खपत नाही.

प्रेशरचा प्रश्न सुटत नाही, कारण प्रेशर नसलं तरी गॅस खपतोच. एका भागात गॅस विकण्याचा परवाना एका कंपनीचा. ठरलेली वर्षं दुसऱ्या कोणी तिथे यायचं नाही, अशी ती व्यवस्था आहे. वाहिन्या टाकायला प्रचंड पैसा लागतो, म्हणून सुरुवातीला मक्तेदारी द्यावी लागते, हे मला पटतं. पण मक्तेदारी दिली की तिच्यावर नजरही ठेवायची असते. २०१८ पासूनच्या लिलावांत बोलीला गुण मिळाले ते इतके पंप काढू, इतक्या घरांना जोडणी देऊ, इतकी वाहिनी टाकू या आश्वासनांना. पंपांची संख्या मोजली की कागदावर काम दिसतं. पंपावर दाब किती, दिवसातले किती तास, रांग किती, या आकड्यांनी कुणाला गुण मिळाले नाहीत. जे मोजायचंच नाही, ते सुधारणार कसं?

दराच्या बाबतीतही चालकाच्या हाती धुपाटणंच आलं. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. निर्णय चांगला होता आणि मुंबईत दर किलोला ६० रुपयांवर आला. आठवडा पुरता व्हायच्या आत तो पुन्हा चढायला लागला आणि ऑगस्टमध्ये ८६ झाला. युक्रेनचं युद्ध, महागलेला आयात वायू, कारणं खरी होती. पण ज्याने एप्रिलमध्ये स्वस्ताई बघून कर्ज काढलं, त्याचा हप्ता त्या कारणांमुळे कमी झाला नाही. पुढच्या वर्षी सूत्र बदललं, देशी वायूच्या दराला वरची मर्यादा घातली, थोडा दिलासा मिळाला. मग २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या त्या स्वस्त देशी वायूचा कोटाच कापला. जुन्या विहिरी आटत चालल्यात, नवा वायू महाग आहे आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास जहाजातून येतो. आपल्या दाभोळला द्रवरूप वायूचं टर्मिनल आहे. समुद्रात लाटा अडवणारा बांध पूर्ण नसल्याने ते वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागलं. एका बांधासाठी इतकी वर्षं! कोकणच्या किनाऱ्यावर ही अवस्था, आणि त्याच कोकणात गणपतीला निघालेली चाकरमान्यांची गाडी महामार्गावरच्या पंपावर तासन्‌तास उभी. गणपती दरवर्षी येतात, तारीख पंचांगात आधीपासून छापलेली असते. चार जादा कॅस्केड आठवडाभर त्या रस्त्यावर ठेवायला कुणाची परवानगी लागते?

शेजारच्या पाकिस्तानचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे. २०१० च्या सुमारास सीएनजी गाड्यांच्या संख्येत तो देश जगात अगदी वरच्या स्थानावर होता. गॅस स्वस्त, किट स्वस्त, लोकांनी धडाधड गाड्या बदलल्या. मग वायू कमी पडला. सरकारने आठवड्यातले काही दिवस पंप बंद ठेवायला सुरुवात केली आणि आदल्या रात्री मैलभर रांगा लागू लागल्या. ज्यांनी किट बसवले होते, त्यांनी ते काढून पुन्हा पेट्रोल धरलं. आपल्याकडे तसं होईलच असं नाही, आपली आयातीची सोय मोठी आहे. पण गाड्या विकायचा वेग आणि गॅस पोचवायचा वेग यांची सांगड कुणीतरी घालावी लागते. ती आपोआप बसत नाही, एवढं तिथे दिसलं.

आपल्याला हिसका बसलाच, नोव्हेंबर २०२५ मध्ये. ट्रॉम्बेला आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ कंपनीच्या मुख्य वाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा वायू तुटला, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले पंप पटापट बंद पडले. घरगुती जोडण्यांना आधी गॅस दिला, ते बरोबरच केलं. पण त्या दिवसांत टॅक्सी-रिक्षा उभ्या राहिल्या, शाळेच्या गाड्या पेट्रोलवर फिरल्या, भाड्यावरून रस्त्यात भांडणं झाली. एवढ्या मोठ्या महानगराची चाकं एका वाहिनीवर फिरतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. नियोजन करणाऱ्यांना ते आधीच माहीत असणार. मग दुसरी वाट का नव्हती? आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांना भरपाई सोडाच, बंदचा निरोप तरी वेळेवर का गेला नाही? पहाटे रांगेत लागलेल्यांना पंपावर आल्यावर कळलं.

शाळेच्या व्हॅनकडे जरा जवळून बघू. कारण इथे हिशेब रुपयांचा राहत नाही.

मुलं ज्यांना ‘व्हॅनकाका’ म्हणतात, त्यांच्या गाडीत मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे सिलिंडर असतो. कंपनीतून बसून आलेला असेल तर जाड पोलादाचा, २०० बारच्या वर चांगला ताण सोसेल असा. सीएनजी हवेपेक्षा हलका, उघड्यावर गळला तर वर निघून जातो, पेट घ्यायला त्याला पाचशे अंशांच्या वर तापमान लागतं. नीट बसवलेली, नीट तपासलेली सीएनजी व्हॅन मी माझ्या घरातल्या मुलांसाठी निर्धास्तपणे निवडेन. पण ‘नीट तपासलेली’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. नियमाप्रमाणे दर तीन वर्षांनी सिलिंडर गाडीतून काढायचा, पाणी भरून कामकाजाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब द्यायचा आणि तो फुगतो का, कुठे कमजोर झालाय का हे बघायचं. हीच हायड्रो टेस्ट. ती करणाऱ्या केंद्रांना मान्यता देते ‘पेसो’, स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्रीय संस्था, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. टेस्ट झाली की गाडीतल्या छोट्या धातूच्या पट्टीवर सिलिंडरचा नंबर आणि पुढच्या टेस्टची तारीख येते. ती पट्टी बघून, तारीख उलटली असेल तर गॅस द्यायचा नाही, हे पंपाचं काम.

किती पंपांवर ती पट्टी बघितली जाते? तुम्ही पुढच्या वेळी गॅस भरताना फक्त लक्ष द्या. मागे साठ गाड्या हॉर्न वाजवत असताना बोनेटखाली वाकून, कापडाने धूळ पुसून तारीख वाचायला त्या पोराला सवड कुठून मिळणार? रांग लांबली की पहिल्यांदा कापली जाते ती तपासणी. म्हणून मी प्रेशर आणि सुरक्षितता ही दोन वेगळी प्रकरणं मानत नाही.

आणि त्याहून भयंकर प्रकार पंप नसलेल्या गावांत चालतो. पंप तीस-चाळीस किलोमीटरवर, मुलं तर रोज शाळेत पोचवायची. मग काही व्हॅनमध्ये लाल घरगुती सिलिंडर आडवा टाकतात, किंवा त्यातला एलपीजी छोट्या मोटरने गाडीच्या टाकीत ओढतात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर गाडीच्या तळाशी, मुलांच्या पायांशी साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरते. हा गुन्हा आहे, पोलिसांनी धरायलाच हवं, आणि मधूनमधून धरतातही. पण जिथे अधिकृत गॅस रोजच्या वेळेत, रोजच्या अंतरात मिळतो तिथे हा जीवघेणा धंदा कमी चालतो, हेही तितकंच खरं. पालकांनी व्हॅनकाकांना फी विचारतात तशी हायड्रो टेस्टची तारीख विचारावी. पट्टी दाखवा म्हणावं. चांगला चालक रागावणार नाही, दाखवेल.

‘आता विजेच्या गाड्या येणार, गॅसवर कशाला खर्च करायचा?’ असं शहाण्यासारखं विचारणारे भेटतात. विजेच्या गाड्या येऊ देत, लवकर येऊ देत. मिथेन गळतो तेव्हा तो हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त तापवतो, हेही मला माहीत आहे, आणि सीएनजी हा कायमचा मुक्काम आहे असं मी म्हणत नाही. पण गेल्या दिवाळीत ज्याने बायकोचे दागिने ठेवून सीएनजी इको घेतली, त्याचे हप्ते अजून पाच वर्षं आहेत आणि गाडीला त्याहून जास्त वर्षं चालायचंय. त्याला ही गाडी स्वच्छ इंधन म्हणून विकली, परवाना देताना ती चालते म्हणून सांगितलं. आता त्याला ‘तुझं इंधन जुनं झालं’ म्हणून रांगेत सोडून पुढे जायचं, हे मला मान्य नाही.

आणि गॅस जमिनीतूनच काढावा लागतो असंही नाही. साखर कारखान्यांच्या प्रेसमडमधून म्हणजे उसाच्या गाळातून, शेणातून, शहरांच्या ओल्या कचऱ्यातून हाच वायू शुद्ध करून, दाबून मिळतो. त्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ पासून आहे. कोपरगावच्या कोल्हे सहकारी साखर कारखान्यात असा प्रकल्प ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ मध्ये एक टक्का हा जैववायू मिसळणं बंधनकारक झालं, २०२८-२९ पर्यंत ते प्रमाण पाच टक्क्यांवर जायचंय. नगर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जिथे गॅसची वाहिनी रडतखडत येतेय तिथे कारखाने आधीपासून उभे आहेत. कारखान्याच्या फाटकाशी पंप निघाला तर ट्रकवरून कॅस्केड नाचवायची गरजच उरत नाही. ऊस नेणाऱ्याने परतताना गाडी भरून घ्यावी. या कामात महाराष्ट्र पहिला असायला हवा, आणि मला त्याची घाई वाटते.

तोवर ज्याला एक रुपयाची वाहिनी लागत नाही, एवढं तरी करा. डिस्पेन्सरवर दाबाचा काटा असतोच. पावतीवर किलो छापता, रुपये छापता, त्याच पावतीवर गाडी किती बारवर भरली ते छापा. पंपाच्या दारात, रांग सुरू होते तिथे, आत्ताचा दाब दाखवणारा फलक लावा. तिथे ११० दिसलं तर माणूस रांगेत लागणारच नाही, पुढच्या पंपावर जाईल. मोबाइलवर पंपाचा पत्ता दाखवता, तिथेच दाबही दाखवा. सकाळी शाळेच्या व्हॅनना आणि रात्री भाड्याच्या गाड्यांना वेगळी रांग ठेवा. दीड तास माणसाला उभं करता, तर पंपावर चालू स्थितीतला संडास आणि प्यायचं पाणी ठेवा. बाया आता टॅक्सी-रिक्षा चालवतात, त्या या रांगेत कशा उभ्या राहत असतील याचा एकदा विचार करा.

आणि पुढच्या वेळी मध्यरात्रीपासून दर वाढल्याचं पत्रक काढाल, तेव्हा नव्या दराच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत आणखी एक ओळ छापा. गेल्या महिन्यात तुमच्या प्रत्येक पंपाने दिवसातले किती तास २०० बार दाब दिला, तो आकडा.